धक्क्याची सातवी पायरी

नीराबाई पडल्या त्या दिवशी ओहोटी होती आणि शिरसबंदरच्या धक्क्याला सातवी पायरी नव्हती. यातली पहिली गोष्ट समुद्राच्या अखत्यारीतली. दुसरी कोणाच्या अखत्यारीतली, हे ठरवता ठरवता सरकारची पावणेचार वर्षं गेली. नीराबाईंच्या यजमानांचं, चांगदेवमास्तरांचं, काय काय गेलं ते पुढं येईलच.

साल एकोणीसशे पंचवीस, महिना फाल्गुन. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना तिथवर पोचवायला नजमुद्दीन तांडेलाचा मचवा धक्क्याला लागायचा. भरतीला काही प्रश्न नव्हता. मचवा वरच्या पायऱ्यांशी यायचा आणि माणसं घरच्या ओटीवरून अंगणात उतरावं तशी उतरायची. ओहोटीला मात्र सहाव्या पायरीवरून कमरभर खाली डुलणाऱ्या मचव्यात उडी घ्यावी लागे, कारण सातवी पायरी कुठल्याशा पावसाळ्यात वाहून गेली होती. पुरुष उडी मारत. बायका आधी देवाचं नाव घेत, मग मारत. नीराबाई पंचावन्नच्या, अंगानं भरलेल्या. त्यांनी देवाचं नाव घेतलं, पाय उचलला आणि नेमका तेवढ्यात मचवा हातभर मागं सरला.

मुंबईला लेकीचं, काशीचं बाळंतपण होतं. काशीला सासू नव्हती, त्यामुळे नीराबाईंबरोबर डिंकाचे लाडू, हळीव, काढ्याच्या पुड्या आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असा सगळा जामानिमा होता. लाडू पाण्यात गेले, दुपटी चिखलात गेली आणि नीराबाई दोहोंच्या मधोमध कमरेपर्यंत रुतल्या. खलाशांनी त्यांना ओढून वर काढलं. आगबोटीनं शिट्टी दिली आणि ती आपल्या वाटेनं गेली. खुब्याला जबर मार बसलेल्या नीराबाईंना चौघांनी खुर्चीत बसवून भर बाजारातून घरी आणलं. त्यांना दुखण्यापेक्षा तो बाजारच जास्त लागला.

संध्याकाळी नजमुद्दीन ओटीवर येऊन बसला. चेहरा पडलेला. चूक त्याची नव्हती, पण मचवा त्याचा होता.

"मास्तर, माझ्या आंगनात जुन्या गलबतातला भाराचा एक धोंडा हाय. चांगला चौरस, वजनदार. चार खलाशी लावतो आन् उद्याच्या ओहोटीला बसवून टाकतो. तासाभराचं काम."

मास्तर मराठी शाळेचे हेडमास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी गावच्या मुलांना जे काही शिकवलं त्यात 'रीतसर' हा शब्द पहिला होता. ते म्हणाले, "नजमुद्दीनभाई, तुमचा हेतू थोर आहे. पण धक्का सार्वजनिक आहे. सार्वजनिक काम रीतसर व्हायला पाहिजे. आज तुम्ही धोंडा टाकाल, उद्या दुसरा कोणी भिंत घालील."

शेजारचे बाबाजीराव तिथंच पान लावत बसले होते. मामलेदार कचेरीतून ते अव्वल कारकून म्हणून बाहेर पडले होते; कचेरी मात्र त्यांच्यातून बाहेर पडली नव्हती. "सरकारी धक्क्यावर खाजगी धोंडा म्हणजे अतिक्रमण," ते म्हणाले. "त्याला कलम आहे." कलम कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण इतक्या गंभीरपणे सांगितलं नाही, की मास्तरांना ते ताबडतोब पटलं.

आतून, अंथरुणावरून, नीराबाईंचा आवाज आला. "अहो, टाकू द्या की त्यांना धोंडा. मला पुढच्या बोटीनं जायचंय."

"पुढच्या बोटीला तुला सरकारी पायरी मिळेल," मास्तर म्हणाले. "तू ताठ मानेनं उतरशील."

नजमुद्दीननं टोपी सारखी केली. "बरं, तुमची मर्जी," म्हणाला आणि गेला.

पहिला अर्ज मास्तरांनी म्युनिसिपालिटीला केला. पिवळसर जाड कागद, वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. असा अर्ज वाचून पायरी आपोआप उगवायला हवी होती. तीन महिन्यांत ती उगवली नाही. दरम्यान काशी बाळंत झाली, मुलगा झाला. पत्र आलं ते नीराबाईंनी पडल्या पडल्या दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा नुसतंच हातात धरलं. मग पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या आणि श्रावणात म्युनिसिपालिटीचं उत्तर आलं. भरतीच्या रेषेखालची जागा आमच्या हद्दीत येत नाही, सबब बंदराच्या कचेरीकडे लिहावे.

बंदराच्या कचेरीनं विचारलं, सदर पायरी पाण्याच्या वर आहे की खाली?

मास्तर खोटं लिहिणारे नव्हते. त्यांनी लिहिलं, दिवसातून दोनदा वर व दोनदा खाली.

कचेरीनं लिहिलं, निश्चित काय ते एक कळवावे.

मास्तरांनी चंद्र, तिथी, भरती आणि ओहोटी यांवर चार पानांचा खुलासा पाठवला. त्यात इतकं ज्ञान होतं की कचेरीला राग आला. उलट टपाली प्रश्नांची यादीच आली. मूळ पायरी कोणत्या तारखेस वाहून गेली? वाहून जातेसमयी तिचा ताबा कोणाकडे होता? तिने वाहून जाण्यापूर्वी कोणी वर्दी दिली होती काय? सदर स्त्री पायरीवर कोणत्या कामासाठी गेली होती? ती पायरी अस्तित्वात नसताना तीवर ती कशी गेली?

शेवटच्या प्रश्नानं मास्तर दोन दिवस जेवले नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे कचेरीनं फायलीला नाव दिलं, 'शिरसबंदर येथे सौ. नीराबाई पडल्याबाबत'. कारकून मंडळी एवढं लांब नाव कशाला घेतील? ते म्हणू लागले, नीराबाईची फाइल. ही फाइल म्युनिसिपालिटीतून बंदरात, बंदरातून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून परत म्युनिसिपालिटीत अशी फिरे आणि बाजारात वाणी, शिंपी, न्हावी, जो तो विचारी, "काय मास्तर, नीराबाई कुठवर आल्या?"

"नीराबाई साहेबांच्या टेबलावर आहेत," कोणीतरी माहितगार सांगे.

हे नीराबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "मी खुब्यानं अडलेय, आणि गावभर मला फिरवताय तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी कचेरीला फायलीचं नाव बदलण्याविषयी वेगळा अर्ज केला. त्याची वेगळी फाइल झाली. तिचं नाव, नीराबाई क्रमांक दोन.

शेवटी बाबाजीरावांनी वर्म सांगितलं. "मास्तर, तुमचा 'पायरी' हा शब्दच चुकला. एका पायरीसाठी कोण साहेब सही करील? त्याची शोभा काय राहिली? तुम्ही 'धक्क्याची सुधारणा व विस्तार' मागा. विस्तार म्हटला की साहेब नकाशा मागवतो. नकाशा आला की माणसं येतात. त्यात तुमची पायरी आपसूक येते."

मास्तरांनी विस्तार मागितला आणि काय चमत्कार, म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट अंबाजीशेट स्वतः चालत मास्तरांच्या ओटीवर आले. अंबाजीशेट सुपारीचे व्यापारी. निवडणूक जवळ आली होती आणि त्यांना गावाचं भलं करण्यासाठी काहीतरी दगडी, दुरून दिसणारं असं हवं होतं. देवळाच्या मांडवात सभा झाली. अंबाजीशेट म्हणाले, "आपल्या गावच्या एका मातेचा पाय घसरला. पण त्या पायानं गावाला जागं केलं!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच चांगदेवमास्तर 'धक्का विस्तार कमिटी'चे मानद चिटणीस झाले आणि त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी उठून नमस्कारसुद्धा केला नव्हता. माळ गळ्यात तशीच ठेवून ते घरी आले.

नीराबाई तोवर काठी धरून घरातल्या घरात चालू लागल्या होत्या. त्यांनी माळेकडे पाहिलं. "मला बैलगाडीनं रेवसला पोचवा," त्या म्हणाल्या. "तिथून मुंबईची बोट आहे. पोर सहा महिन्यांचं झालं, मी तोंड पाहिलं नाही अजून."

"दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा दोन महिने थांब. मंजुरी आल्यात जमा आहे."

हे त्यांनी त्या दिवाळीत सांगितलं, होळीला सांगितलं आणि पुढच्या दिवाळीतही सांगितलं. दर वेळी ते मनापासून खरं बोलत होते. त्यांचं तेच वाईट होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात मोजणीला ओव्हरसियर आले. येसाजीराव त्यांचं नाव, देशावरचे, कालव्यांच्या कामात नावाजलेले. माणूस कष्टाळू, उन्हात टोपी सावरत दिवसभर उभा राहणारा. अडचण एकच, समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो पौर्णिमेच्या ऐन भरतीला. साखळी टाकून, वहीत आकडे घेऊन त्यांनी समाधानानं विचारलं, "पाणी रोज एवढंच असतं ना?"

नजमुद्दीन हसला. मग साहेब खरोखरच विचारतायत हे ध्यानात येऊन त्याचं हसू गेलं.

"रावसाहेब, सहा तासांनी या. काठाला तुमचा घोडा चरंल."

येसाजीरावांनी ओहोटीही पाहिली, दचकले, पण नकाशा तर ठरलेला होता. नवा धक्का जुन्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडात सरळ आत घुसवायचा होता. जुन्याच्या दुप्पट लांब, बारा पायऱ्या, टोकाला कंदिलाचा खांब. नजमुद्दीननं तो नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि मग तो बाजूला ठेवून वाळूत बोटानं रेघ ओढली.

"खाडीचं पानी हितनं जोरानं जातं. म्हनून हितं खोल हाय, म्हनून माझा मचवा हितं लागतो. तुम्ही त्याच्या तोंडात भिंत घातली तर पानी मंद होईल. मंद झालं का गाळ टाकील. दोन पावसाळ्यांत हितं चिखल बघा तुम्ही, पानी न्हाय."

"नकाशात गाळ दाखवलेला नाही," येसाजीराव म्हणाले.

"अजून आलाच न्हाय तर दाखवतील कसा?"

मोजणी बघायला जमलेले कमिटीचे सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांच्या शाळेची खिडकी खाडीवर उघडत असे. तीस पावसाळे त्यांनी त्या खिडकीतून पाहिले होते. पाणी कुठं अडतं आणि गाळ कुठं बसतो, हे त्यांना नजमुद्दीनइतकं नाही तरी पुष्कळ ठाऊक होतं. तांडेल बोलतोय ते बरोबर आहे, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात अंबाजीशेटांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रावसाहेब, आमच्या चिटणीस साहेबांनी ही योजना डोळ्यांत तेल घालून तपासलीय. विद्वान माणूस!"

मास्तरांनी तोंड मिटलं. कमिटीच्या वृत्तांतात त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'एका स्थानिक खलाशाची तोंडी सूचना ऐकून घेण्यात आली.' मचव्याच्या मुख्याचा, तांडेलाचा, त्यांनी साधा खलाशी केला, हे लिहिताना त्यांना जाणवलं. खोडावं असंही वाटलं. पण वृत्तांतात खाडाखोड करायची नसते.

काम सुरू झालं ते पाडण्यानं. जुन्या धक्क्याचे दगड नव्याच्या भरावात वापरले की बचत होते, असं कंत्राटदारानं दाखवून दिलं. दोन आठवड्यांत सहाच्या सहा पायऱ्या गेल्या. मग खाडीत नव्याची नुसती भिंत घालून कंत्राटदारही गेला, कारण दुसरीकडे त्याचं एक पूल बांधायचं काम अर्धवट होतं. शिरसबंदरला आता जुना धक्का नव्हता आणि नवाही नव्हता. उतारूंना कोळी लोक खांद्यावर घेऊन चिखलातून मचव्याशी नेऊ लागले. वकील, वाणी, पोस्टमास्तर, सगळे दोन पाय पुढं सोडून, छत्री उघडून, खंडोबासारखे चालले.

त्याच दिवसांत काशीचं पत्र आलं. तिला ताप येत होता, उतरत नव्हता, आणि मुलाला बघायला कोणी नव्हतं. नीराबाईंनी कोणाला विचारलं नाही. गाठोडं बांधलं, काठी घेतली आणि बंदरावर गेल्या. मास्तर मागोमाग. एक धिप्पाड कोळी समोर येऊन वाकला. "बसा आये, देवीसारकी नेतंय." नीराबाईंनी पदर खोचला. इतकी वर्षं ज्या बाजाराला त्या लाजल्या तो सगळा मागं उभा होता, पण त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी कोळ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब!" मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "अगं, धक्का कमिटीच्या चिटणीसाची बायको खांद्यावर बसून गेली, तर लोक काय म्हणतील? कमिटीची अब्रू आहे. पुढच्या महिन्यात काम सुरू होतंय, मी स्वतः पत्र पाहिलंय."

मचव्यात नजमुद्दीन वल्हं धरून उभा होता, तो दुसरीकडे बघू लागला. नीराबाईंचा हात कोळ्याच्या खांद्यावरून खाली आला. काशी पुढं बरी झाली, तिची शेजारीण तिच्या उशाशी बसली होती असं नंतर कळलं. त्या दिवसापासून नीराबाईंनी मुंबईचं नाव काढलं नाही, आणि मास्तरांना वाटलं की त्यांची समजूत पटली.

धक्का एकोणीसशे अठ्ठावीसच्या मार्गशीर्षात पुरा झाला. भिंत उभी राहून तोवर दोन पावसाळे लोटले होते. तो दिसायला देखणा होता, हे त्याच्या शत्रूनंही कबूल करावं. काळा घडीव दगड, बारा रुंद पायऱ्या, टोकाला हिरवा खांब. उद्घाटनाला जिल्ह्याचे बडे साहेब आले ते मोटारीनं, जमिनीवरून. त्यांना समुद्र लागत असे. संगमरवरी पाटीवर साहेबांचं नाव, अंबाजीशेटांचं नाव आणि खाली, 'मानद चिटणीस श्री. चांदगेव'. पाथरवटानं ग आणि द यांची अदलाबदल केली होती. दगडात खाडाखोड करता येत नाही, हे मास्तरांना माहीतच होतं.

कार्यक्रमात शेवटी असं ठरलं होतं की नव्या धक्क्यावरून मचव्यात पहिलं पाऊल नीराबाईंनी टाकायचं आणि त्याच बोटीनं मुंबईला जायचं. कल्पना मास्तरांची. नीराबाईंनी हिरवं लुगडं नेसलं, नाकात नथ घातली. वाजंत्री सुरू झाली. साहेबांनी फीत कापली. सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं.

ओहोटी होती. धक्क्याच्या टोकापासून शंभर-सव्वाशे पावलांपर्यंत नुसता चिखल पसरला होता, करडा, चकचकीत. त्यात खेकड्यांची ये-जा चालू होती. चिखलापलीकडे पाणी आणि पाण्यात नजमुद्दीनचा मचवा. त्याला आणखी अलीकडे येता येत नव्हतं. नजमुद्दीन हात बांधून उभा होता. तो हसत नव्हता, हे मास्तरांना एवढ्या लांबूनही दिसलं. हसला असता तर बरं वाटलं असतं.

वाजंत्रीवाल्यांना कोणी थांबा म्हटलं नाही, म्हणून ते वाजवत राहिले. येसाजीराव वही काढून पानं उलटू लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मोटारीकडे वळले. अंबाजीशेट त्यांच्या मागं धावले.

नीराबाई मात्र एकेक पायरी उतरत खाली गेल्या. काठी टेकत, सावकाश, बाराही. शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. खाली एक खेकडा बिळात शिरला. त्यांनी पायानं दगड चाचपून पाहिला.

"पायरी छान झालीय हो," त्या म्हणाल्या. मग तशाच वर आल्या आणि घराकडे चालू लागल्या.

फाल्गुनात बोटीच्या एजंटाची नोटीस लागली. उतारू वेळेवर बोटीपाशी येत नाहीत, सबब शिरसबंदरचा थांबा बंद. नजमुद्दीननं मचवा विकला आणि तो मुंबईला गोदीत नोकरीला लागला. बायकामुलं न्यायला तो बैलगाडी घेऊन आला, तेव्हा गाडीत त्याच्या बायकोशेजारी, जैबुन्निसेशेजारी, नीराबाईंचं गाठोडं आधीच ठेवलेलं होतं. मास्तरांना हे गाडी दारात उभी राहिली तेव्हा कळलं.

"अगं, दोन दिवसांचा प्रवास! तुझा खुबा…"

"उशी घेतलीय."

"आणि माझं काय?"

"तुमच्या सभा आहेत की," नीराबाई म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना उत्तर सुचलं असतं.

महिन्यानं पत्र आलं, काशीच्या अक्षरात, नीराबाईंनी सांगितलेलं. प्रवास सुखरूप झाला. गाडीनं हाडं दुखली, ती आठ दिवसांत थांबली. नातू मला पाहून आईच्या मागं लपला, परकी बाई म्हणाला. चार वर्षांचा होत आला, त्याचा काय दोष? आता मात्र पदर सोडत नाही. म्हणून मीही इतक्यात सोडत नाही. तूप शिंक्यात आहे. मास्तरांनी पत्राला उत्तर लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं, मायना झाला आणि पुढं काय लिहायचं ते काही केल्या सुचेना.

धक्का वाया गेला असं मात्र कोणी म्हणू नये. त्यावर वारा फार सुंदर येतो. गावातले निवृत्त लोक संध्याकाळी तिथं जमू लागले. बायका पापड वाळत घालू लागल्या. बाबाजीराव रोज मास्तरांना हाताला धरून नेत आणि पाटीजवळची जागा त्यांना देत. ती त्यांचीच होती, असं सर्वांनी धरलं होतं. येणारा जाणारा त्यांना ओळखी. मास्तर, तुमच्यामुळं गावाला बसायला जागा झाली.

एका संध्याकाळी श्रीवर्धनकडे निघालेले एक पाहुणे, पुण्याचे कोणी वकील, धक्क्यावर आले. पायऱ्या पाहिल्या, खांब पाहिला, पाटी वाचली आणि खूष झाले. "वा! एवढ्याशा गावात असं काम! मुंबईची बोट किती वाजता येते हो इथं?"

बाबाजीराव पानाला चुना लावू लागले.

"येत नाही," मास्तर म्हणाले. "मी बंद केली."

पाहुण्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ते खो खो हसत सुटले. "आमचे मास्तर भारी विनोदी," बाबाजीराव घाईघाईनं म्हणाले, तेव्हा धक्क्यावरचे बाकीचेही सगळे हसले.